दोन बूस्टरची गाडी

ब्रेकच्या कामात एक गोची आहे. काम नीट झालं तर काहीच घडत नाही. इंजिनवाल्याकडची गाडी सुरू झाली की मालक खूश होऊन चहा मागवतो. पेंटरकडून गाडी बाहेर पडली की रस्त्यानं जाणारे वळून बघतात. ब्रेकवाल्याकडून गेलेली गाडी नुसती थांबते. आणि गाडीनं थांबायलाच पाहिजे असं सगळे धरून चालतात, म्हणून परत येऊन 'मेस्त्री, गाडी छान थांबते बरं का' असं कुणी सांगत नाही. परत येतो तो ज्याची थांबली नाही तो. तोही येण्याजोगा राहिला तर.

मी आयुष्यभर सोलापुरात हैदराबाद रोडला ट्रकच्या ब्रेकचं काम केलं. घर भवानी पेठेत. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि दुकानात दखनी, अशा तीन भाषांत वाढलो. वडील मागावर होते. मीही चादरी विणाव्यात असं त्यांना फार वाटायचं, पण माझं लक्ष कायम रस्त्यावरच्या लॉऱ्यांकडं. शेवटी त्यांनी नाद सोडला. 'जा, लोखंड विण,' एवढंच म्हणाले.

दुकान माझं आणि मेहबूबभाईंचं. पाटीवर दोघांचंही नाव नव्हतं, 'ब्रेकचे काम' एवढीच अक्षरं होती. भाई गाडीखाली आणि मी गाडीत, अशी आमची वाटणी. ब्रेकच्या तेलात हवेचा बुडबुडा राहिला तर ब्रेक दगा देतो, म्हणून ती हवा काढावी लागते. त्यासाठी एकजण वर बसून पायडल दाबतो आणि दुसरा खाली चाकाजवळचा नट सैल करून हवा बाहेर जाऊ देतो. खालून भाई म्हणायचे, 'दाबा.' मी दाबायचो. मग म्हणायचे, 'सोडा.' आमच्या दोघांत उभ्या जन्मात सगळ्यात जास्त बोलले गेलेले शब्द हेच असतील. आमचं भांडण झालं असलं तरी एवढे दोन शब्द बोलावेच लागायचे, त्यामुळे भांडण कधी टिकलं नाही.

बाहेरच्या माणसासाठी आधी बूस्टर म्हणजे काय ते सांगतो. भरलेला ट्रक नुसत्या पायाच्या जोरानं थांबत नाही, पैलवानाचा पाय असला तरी. म्हणून इंजिनावर हवा भरणारा पंप असतो, तो एका टाकीत हवा कोंबत राहतो. ड्रायव्हरनं पायडल दाबलं की ती कोंडलेली हवा सुटून बूस्टरमध्ये येते. बूस्टर म्हणजे पातेल्याएवढा डबा. त्यात हवा एका मोठ्या पिस्टनला ढकलते, तो पुढच्या लहान पिस्टनला ढकलतो, आणि लहान पिस्टन तेलाला असा रेटतो की ते तेल नळ्यांतून चाकांपर्यंत जाऊन लायनरचे पट्टे चाकाच्या ड्रमला घट्ट चिकटवतं. गाडी थांबते. ड्रायव्हरला वाटतं आपण थांबवली.

आता ह्यातली मेख अशी. जुन्या पुष्कळ गाड्यांना बूस्टर एकच असायचा. पुढच्या चाकांना आणि मागच्या चाकांना तेल एकाच ठिकाणाहून जायचं. एवढ्या मोठ्या गाडीत कुठल्याही एका कोपऱ्यात एक नळी फुटली, की पायडल दाबलं तरी तेल त्या भोकातून बाहेर जाणार आणि सगळी चाकं मोकळी. ह्याला उपाय होता. दोन बूस्टर बसवायचे, दोन हवेच्या टाक्या, दोन खणांचा पायडल व्हॉल्व्ह. पुढचं पुढं, मागचं मागं. एक गेलं तर दुसरं उरतं. कंपन्यांनी पुढं तशा गाड्या काढल्याच, आणि ते सामान जुन्या गाडीवरही नीट बसायचं. पण हे मी ज्यांना सांगायचो त्यातले बहुतेक हसायचे. एक ट्रान्सपोर्टवाले शेट म्हणाले होते, 'मेस्त्री, एक बूस्टर आहे तरी ड्रायव्हर पळवतात, दोन दिले तर उडवतील.' एकजण तर ब्रेकच्या तेलाच्या डबीत साबणाचं पाणी घालून हुबळीहून आला होता आणि 'पोचलो की,' म्हणत होता. त्याला आम्ही दोघांनी हात जोडले.

स्वतःहून दोन बूस्टर मागायला आलेलं गिऱ्हाईक मला एकच आठवतं. तेही 'बूस्टर' हा शब्द माहीत नसलेलं.

मंगळवेढ्याकडच्या अनुसयाबाई. त्यांचे यजमान महादू स्वतःची एक गाडी स्वतःच चालवायचे. सहा चाकांची जुनी लॉरी, पण घासूनपुसून ठेवलेली. तुळजापूरच्या घाटातून तुरीची पोती भरून खाली येताना गाडी सुटली. पुढं माणसांनी भरलेली जीप होती. महादूंनी गाडी जीपवर न घालता डोंगराच्या अंगाला घातली. जीपमधल्या कुणाला ओरखडाही आला नाही. महादू गेले.

हे आम्हाला आधी माहीत नव्हतं. एके सकाळी क्रेननं ओढत एक गाडी दुकानासमोर आली. केबिन नवीन ठोकून घेतलेली, रंग अजून ओला वाटावा असा. क्रेनच्या केबिनमधून एक बाई उतरल्या. चाळिशीच्या, डोक्यावर पदर, अंगावर साधं लुगडं. मागोमाग मोटरसायकलवर त्यांचे दीर आले. दीर आल्याआल्या मला बाजूला घेऊन म्हणाले की भंगारवाला ठरला आहे, वहिनीचा जीव गाडीत अडकला आहे, तुम्हीच दोन शब्द सांगा की ह्यात आता काही राहिलं नाही. गाव म्हणतंय ती गाडी माणूस खाऊन बसली आहे. एक ड्रायव्हर तिच्यात बसायला तयार नाही.

मी काही बोलायच्या आत बाई जवळ आल्या. सरळ म्हणाल्या,

"मेस्त्री, ही गाडी मला इकायची न्हाय. हिचा बिरेक पुन्यांदा जाणार न्हाय असं करून द्या."

मी म्हणालो, "बाई, तसं मी सांगू शकत नाही. तसं सांगणारा कुणी भेटला तर त्याच्याकडं गाडी लावू नका."

 मला वाटलं, झालं, आता जातील. पण त्यांनी विचारलं, "मग काय करता येतंय?"

मी तिथंच मातीत काडीनं गाडी काढली, पुढची चाकं, मागची चाकं, मधे एक बूस्टर. मग तो पुसून दोन काढले. म्हणालो, एक गेला तर दुसरा राहील, एवढं करता येतं. दुसरा राहिला तर गाडी थांबेल. लांब जाऊन थांबेल, पण थांबेल.

बाई त्या मातीतल्या चित्राकडं बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. "तेवढंच करा," म्हणाल्या आणि ST पकडायला निघाल्या. दीर तोंड पाडून मागून गेले.

काम हातात घेतलं की आधी जुनं सगळं उघडून बघायचं, ही आमची रीत. भाई गाडीखाली गेले. मी वर केबिनमध्ये. गिअरचा दांडा हलवून बघितला तर हलेना. दुसऱ्या गिअरमध्ये अडकून बसला होता. म्हणूनच क्रेनवाल्यानं ओढताना चाकं फिरण्यासाठी मागचा शाफ्ट सोडून ठेवला होता. हँडब्रेकचा दांडा शेवटच्या दातापर्यंत वर ओढलेला.

खालून भाईंनी हाक मारली, "व्यंकटभाई, जरा खाली या."

एरवी ते मला खाली बोलवत नसत. मी गेलो. त्यांनी बॅटरीचा उजेड मागच्या ॲक्सलवर धरला. तेलाची नळी स्प्रिंगच्या पाट्यांच्या क्लिपला लागत होती. लागून लागून एका जागी कागदासारखी पातळ झाली होती आणि तिथंच नखाएवढी फाटली होती. भाईंनी उजेड गिअरबॉक्समागच्या हँडब्रेकच्या ड्रमकडं नेला. लायनर जळून नुसता कोळसा झाला होता. हात लावला तर चुरा पडला.

 ब्रेकवाल्याला ह्यातून जे कळतं ते असं. महादूंनी पायडल दाबलं, पाय मोकळा गेला. लगेच त्यांनी हँडब्रेक ओढला, पूर्ण ओढला, आणि धरून ठेवला, कारण लायनर क्षणभरात जळत नाही. मग सुटलेल्या भरल्या गाडीला वरच्या गिअरमधून दुसऱ्यात घातलं. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना त्याचा अर्थ कळणार नाही. दात मोडतात, हात झिणझिणतात, आणि तरी हजारातला एखादाच ड्रायव्हर ते जमवतो. माणसानं शेवटपर्यंत गाडी सोडली नव्हती.

दोन दिवसांनी बाई आल्या तेव्हा भाईंनी त्यांना हे सगळं सांगितलं. सावकाश, एकेक करून, नळी हातात देऊन. बाई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी पदराचा शेव दाताखाली धरला आणि म्हणाल्या, "हे माज्या दिराला सांगा."

तेव्हा आम्हाला कळलं. गावात सगळीकडं झालं होतं की महादूचा डोळा लागला. रात्र रात्र गाडी मारायचा, झोपला आणि गाडी घातली डोंगराला. पाहुण्यारावळ्यांत तसंच बोललं जायचं. दिरानंही तेच धरलं होतं. बाईंच्या दोन मुली होत्या, त्यांच्या कानावरही तेच पडत होतं की तुमचा बाप झोपला. त्या गाडी भंगारात का जाऊ देत नव्हत्या ते मला त्या वेळी उमगलं. भंगारात गेली असती तर नळीही गेली असती, दांडाही गेला असता आणि उरला असता नुसता गावाचा शब्द.

दीर आले ते पांढऱ्या शर्टात. लग्नाला निघाले होते बहुतेक. भाईंनी तोंडी काही सांगितलं नाही. गोणपाट अंथरलं, म्हणाले, "पडा खाली, दाखवतो." दीर आधी बिचकले, मग गेले. खालून भाईंचा आवाज तेवढा ऐकू येत होता. ही नळी. हा लायनर. आता वर चला, हा दांडा बघा, तुम्ही हलवून बघा.

ते बाहेर आले तेव्हा शर्टाच्या पाठीला सगळं काळं तेल लागलेलं. केबिनच्या पायरीवर बसले. बाई समोर उभ्या होत्या. त्यांनी तळहाताला लागलेला लायनरचा चुरा बघितला. मग म्हणाले,

"वैनी, दादा जागा व्हता."

बाई म्हणाल्या, "व्हय."

एवढंच. त्या दिवसानंतर भंगारवाल्याचं नाव कुणी काढलं नाही. उलट सामान आणायला पुण्याला जायचं होतं तर दीरच गेले.

पुढचं काम म्हणजे आमच्या दोघांच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम. हे मी आज निर्लज्जपणे लिहितो. दोन बूस्टर चेसीच्या दोन अंगांना बसवले, एकमेकांपासून लांब. दोन टाक्या, दोन्हींच्या मधे असा व्हॉल्व्ह की एकीतली हवा गेली तरी दुसरीतली तिच्या मागं जाऊ नये. ड्रायव्हरसमोर दोन काट्यांचं मीटर. नळ्यांबद्दल भाईंनी हट्टच धरला. पुढच्या चाकांची नळी डाव्या अंगानं आणि मागच्या चाकांची उजव्या अंगानं. मी म्हणालो, दोन्ही एकाच बाजूनं नेल्या तर काम निम्मं होईल. ते म्हणाले, "मग एक दगड उडाला तर दोन्ही जातील. मग दोन बूस्टर कशाला बसवले, शोभेला?" नळ्या दोन अंगांनीच नेल्या. जिथं जिथं नळी लोखंडाजवळून जात होती तिथं त्यांनी रबर घातलं आणि प्रत्येक क्लिप हातानं ओढून बघितली. मग हवा काढायला बसलो. दाबा. सोडा. दाबा. सोडा. एका चाकाला समाधान झालं की दुसरं. पायडल असं कडक आलं की पाय ठेवला की समजावं, खाली कुणीतरी उभं आहे.

गिअरबॉक्सही दुरुस्त होऊन आला, गाडी तयार झाली पण ड्रायव्हर नव्हता. अक्कलकोटकडचा सिद्राम म्हणून एकजण महादूंचा जिवाचा मित्र होता. लांबच्या फेरीला दोघं आळीपाळीनं हीच गाडी चालवायचे. त्या फेरीला तो गावी होता. बाईंनी त्याला निरोप धाडला तेव्हा त्यानं कळवलं की वैनी, दुसरी कुठलीही गाडी घ्या, फुकट चालवतो, ह्या गाडीत बसणार नाही. तरी तपासणीच्या दिवशी तो आला. पण गाडीच्या जवळ आला नाही. लांब लिंबाखाली उभा राहिला.

तपासणी म्हणजे काय करायचं हे मी आणि भाईंनी आधीच ठरवलं होतं. नुसतं पायडल दाबून गाडी थांबते हे दाखवण्यात काही अर्थ नव्हता. एक बाजू मुद्दाम फोडायची आणि मग भरली गाडी थांबवून दाखवायची. गावाबाहेर बायपासचं काम चालू होतं. एका पुलावरून उतरणारा रस्ता डांबर पडून तयार होता पण वाहतूक सुरू झाली नव्हती. ठेकेदार ओळखीचा, त्यानं होकार दिला आणि गाडीत खडीही भरून दिली. उताराच्या शेवटी मातीचा ढीग होता. काही चुकलं तर त्यात घुसवायची.

भाईंनी मागच्या ॲक्सलवरचा नळीचा नट सोडून दिला. म्हणजे महादूंच्या वेळी जे झालं ते मुद्दाम केलं. मी सीटवर बसलो. इतक्यात दुसऱ्या दारानं अनुसयाबाई वर चढून बसल्या.

मी म्हणालो, "बाई, उतरा. हे असलं बघायला बाहेरून बघतात."

"ते एकलेच व्हते," त्या म्हणाल्या. "मी बसणार."

मी भाईंकडं बघितलं. वाटलं ते तरी समजावतील. भाई हात पुसत म्हणाले, "बसू द्या, व्यंकटभाई. तुमचा भरवसा असेल तर बसू द्या. नसेल तर तुम्ही पण बसू नका."

 मी गाडी सोडली. रिकाम्या रस्त्यावर भरलेली गाडी उताराला लागली की तिचा वेग पायाखालून कळतो. इंजिनाचा आवाज बदलतो आणि मग गाडी आपली राहत नाही.  बाईंनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली होती, पण डोळे उघडे होते. ठरवलेल्या जागेवर मी पायडल दाबलं. मागं तेल उडाल्याचा आवाज आला, मीटरमधला एक काटा हलला, आणि पुढच्या चाकांनी गाडी धरली. नाक खाली गेलं. खडी सरकली. गाडी नेहमीपेक्षा लांब गेली, पण ओढत, वेग मारत गेली आणि मातीच्या ढिगाच्या बऱ्याच अलीकडं उभी राहिली.

हवा सुटल्याचा फुस्स आवाज झाला.  कुठंतरी टिटवी ओरडत होती.

बाईंनी हात सोडले. म्हणाल्या, "आता म्होरचा सोडा आन् मागचा धरा."

म्हणजे मातीतलं माझं चित्र त्यांना पुरतं कळलं होतं. आम्ही मागची नळी जोडली, हवा काढली, पुढची सोडली आणि पुन्हा वरून आलो. बाई पुन्हा शेजारी. ह्या वेळी मागच्या चाकांनी धरली. गाडी थोडी आडवी व्हायला बघत होती, मी सावरली. थांबली.

खाली उतरलो तर सिद्राम आलेला. तो रस्त्यावर सांडलेल्या तेलाजवळ बसला, बोट लावून बघितलं, मग गाडीला एक चक्कर मारली. डाव्या नळीवरून हात फिरवत गेला, उजव्या नळीवरून परत आला. मग मला म्हणाला, "मेस्त्री, एकदा मला द्या."

त्यानं गाडी एकट्यानं वर नेली. आम्ही खाली उभे. येताना त्यानं मी दाबलं होतं त्यापेक्षा कितीतरी उशिरा पायडल दाबलं, मुद्दाम.  गाडी थांबली. तो लगेच उतरला नाही. स्टेअरिंगवर कपाळ टेकून बसला होता. बाई तिकडं गेल्या नाहीत, आम्हालाही जाऊ दिलं नाही. पुष्कळ वेळानं तो खाली आला, डोळे पुसले, आणि गाडीची किल्ली माझ्या हातात न देता स्वतःच्या खिशात घातली.

आरटीओत पासिंगला गाडी नेली तेव्हा तिथल्या साहेबांनी खाली वाकून दोन्ही बाजू बघितल्या, कंपनीचं सामान आहे ना एवढं विचारलं, स्वतः चालवून बघितली आणि हसून सही केली. सिद्राम गाडीवर लागला. मुलींच्या शाळा सुरू राहिल्या. आम्ही आमच्या कामाला लागलो. सुरुवातीला म्हणालो तसं, गाडी थांबत होती म्हणून कुणी सांगायला आलं नाही.

मग एका दुपारी सिद्रामचा फोन आला. विजापूरहून मका भरून येत होता. टाकळीला भीमेच्या पुलाकडं रस्ता उतरतो, तिथं पुढं ST थांबली होती, माणसं चढत उतरत होती, एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. त्यानं पायडल दाबलं आणि मागची बाजू गेली. रस्त्यावर पडलेली सळई चाकानं उडून मागच्या नळीत घुसली होती. मी विचारलं, "मग?" 

"मग काय," तो म्हणाला. "पुढच्यानं धरलं की. एष्टीच्या मागं उभा हाय. लोकांना कळलंबी न्हाय. तुमी नळी घिऊन या."

मी आणि भाई मोटरसायकलवर गेलो. गाडी रस्त्याच्या कडेला शहाण्यासारखी उभी होती, चाकाला दगड लावलेला, पोती जशीच्या तशी. ST केव्हाच निघून गेली होती. त्यातल्या एकाही माणसाला ठाऊक नाही की त्या दिवशी त्याच्या पाठीमागं काय घडता घडता राहिलं. ती म्हातारी आपल्या घरी जाऊन भाकरी थापत बसली असेल. मी त्या रिकाम्या रस्त्याकडं बघत होतो आणि मला फार अभिमान वाटला. भाई गाडीखाली गेले. डाव्या अंगाची नळी त्यांनी आधी हातानं चाचपली. ती शाबूत होती. खालून म्हणाले, "दोन्ही एका बाजूनं न्यायच्या होत्या ना तुम्हाला?" आयुष्यभर त्यांनी मला हे ऐकवलं, आणि मी आयुष्यभर आनंदानं ऐकून घेतलं.

त्यानंतर सिद्राम ढाब्याढाब्यावर ही गोष्ट सांगत सुटला. आमच्याकडं दोन बूस्टर बसवायला गाड्या येऊ लागल्या. हसणारे शेटही आले. वाईट एवढंच वाटतं की तोवर किती वर्षं गेली होती. महादूंसारखे किती गेले असतील ह्याचा विचार मी शक्यतो करत नाही, पण कधी कधी घाटातून जाताना तो येतोच.

आता ते कामही संपत आलं. नव्या मोठ्या गाड्यांत ब्रेकचं तेलच नाही, सगळं हवेवर चालतं, वर कॉम्प्युटर बसवलेला. बिघडलं तर डबाच्या डबा बदलतात. भाईंच्या गुडघ्यांनी गाडीखाली जाणं सोडलं, मग मीही दुकानाचा पसारा आवरला. दोघं सकाळी तिथं खुर्च्या टाकून बसतो आणि जाणाऱ्या गाड्यांचे ब्रेक नुसते कानानं तपासतो.

गेल्या दसऱ्याच्या आधी असेच बसलो असताना समोर एक कोरी करकरीत गाडी येऊन थांबली. दहा चाकांची. सिद्राम चालवत होता, आता केस पांढरे झालेले. शेजारून अनुसयाबाई उतरल्या. त्यांची थोरली मुलगी बरोबर होती, ती आता हिशोबाचं आणि भाड्याचं सगळं बघते. शोरूममधून गाडी सरळ आमच्याकडं आणली होती. हातात झेंडूचा मोठा हार होता, पण गाडीला घातलेला नव्हता.

बाई म्हणाल्या, "मेस्त्री, बिरेक बघा."

मी हसलो. म्हणालो, "बाई, ह्या गाडीत बूस्टरच नाही. तेल नाही. कंपनीनंच पुढचं मागचं वेगळं करून दिलंय. ह्यात मला काय कळणार, माझं काही काम नाही ह्यात."

"ते मला न्हाय ठावं," त्या म्हणाल्या. "तुमी पाय ठिवा आन् सांगा. तवर मी हार घालणार न्हाय."

सिद्राम खाली उतरून दार धरून उभा राहिला. भाई खुर्चीतून म्हणाले, "जा की, व्यंकटभाई." मी चपला काढून वर चढलो. सीट उंच, काच मोठी, समोर नुसते दिवे. पण पायाखाली पायडल तेच. हैदराबाद रोडनं गाडी थोडी पुढं नेली, रस्ता मोकळा बघून वेग दिला, आणि दाबलं. सगळी चाकं एकदम, सारखी धरली. गाडी जरासुद्धा इकडंतिकडं झाली नाही. आमच्या हातून कधी झालं नसतं असं काम. वळवून परत आणली आणि दुकानासमोर थांबवली. भाईंकडं बघितलं. ते डोळे मिटून ऐकत होते, हवा सुटल्याचा आवाज ऐकून त्यांनी मान डोलावली.

मी काच खाली केली आणि बाईंना म्हणालो, "घाला हार."